नव्या माशाचा पायगुण

“तुमचा नवा मासा परत घेऊन जा. त्याने अक्कांची कोळंबी खाल्ली.”

ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी प्रकाशभाऊंचा फोन. भाऊ धुळ्याचे बियाण्यांचे व्यापारी. त्यांच्या बैठकीत मी बसवलेली रीफ टँक आहे. म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, जिच्यात जिवंत प्रवाळ वाढतं. जळगावात दुकान टाकून मी हाच धंदा करतो. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे, पण हौसेला मोल नसतं.

अक्का म्हणजे भाऊंच्या आई. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांची खुर्ची टाकीसमोरच असते. त्यांनी पाण्यात हात बुडवला की क्लीनर श्रिंप यायची. ही लाल-पांढरी कोळंबी माशांच्या अंगावरचे किडे टिपून खाते. अक्कांच्या बोटांवर चढून ती त्यांची नखं साफ करायची. अक्कांनी तिचं नाव ठेवलं होतं ठमी.

आखाजीला बहिणी माहेरी येणार, म्हणून भाऊंना टाकीत काहीतरी नवीन हवं होतं. त्यांनी मोबाइलवर लाल हॉकफिश दाखवला. देखणा मासा, पण कोळंबी दिसली की घास करतो. मी साफ नाही म्हणालो. नवा जीव निवडताना मी आधी बघतो, कोण कोणाला खाईल आणि कोण कोणाची जागा बळकावेल. मग मोठा झाल्यावर मावेल का, ते. शेवटी रॉयल ग्रामा ठरला. बोटाएवढा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, स्वभावाने गरीब. तीन आठवडे दुकानात वेगळा ठेवून, रोग नाही याची खात्री करून आदल्या दिवशी टाकीत सोडला. जाता जाता थोडं पाणीही बदललं.

“भाऊ, ग्रामा एवढी कोळंबी खात नाही.”

“ते अक्कांना सांगा. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. त्या जेवणार नाहीत म्हणून बहिणीही जेवत नाहीत.”

घरच्या पुरणपोळ्या तशाच टाकून मी गाडी काढली. ठमी गेली असेल तर माझी निवड चुकली होती, आणि ती चूक एका म्हातारीच्या जिवाला लागली होती.

धुळ्याला पोचलो तर अंगणात आखाजीचा झोका रिकामा. आत अक्का मांडीवर स्टीलची वाटी घेऊन बसलेल्या. वाटीत ठमी.

“या मासाना पायगुणच खराब शे,” अक्का म्हणाल्या. “त्याले ली जाय.”

माशाला पाय नसतात, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

मी वाटी उजेडात धरली. मिशा, पाय, शेपूट, सगळं जागच्या जागी. आत मात्र काहीच नाही. मला हसूच फुटलं.

“अक्का, ही ठमी नाही. ठमीने कात टाकलीय. काल पाणी बदललं, त्याने कधीकधी होतं असं. नवं कवच कडक होईपर्यंत ती लपून बसते.”

“मंग ती कोठे शे?”

मी टॉर्च मारला. मागच्या कपारीत दोन पांढऱ्या मिशा हलल्या. शेजारीच ग्रामा आपल्या नादात तरंगत होता. अक्कांनी पदराने डोळे पुसले. बहिणी हसायला लागल्या. मलाही इतका आनंद झाला की टॉर्च बंद करायचं राहून गेलं.

तेवढ्यात ताटं वाढणाऱ्या शोभावहिनी, भाऊंच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, “अक्का, मी आले तेव्हा म्हैस आटली होती.”

नव्या सुनेचा पायगुण, म्हणून त्यांनी ते वर्षभर ऐकलं होतं.

अक्का टाकीकडून वहिनींकडे वळल्या. मग म्हणाल्या, “म्हैस गाभण व्हती, पोरी. आटनारच व्हती. मन्हंच चुकनं.”

आणि पहिली पुरणपोळी त्यांनी स्वतः शोभावहिनींच्या ताटात वाढली. दुसरी माझ्या.

हल्ली नवा मासा देताना मी सूचनांच्या कागदावर एक ओळ जास्त लिहितो: पहिल्या आठवड्यात घरात काहीही झालं, तर माशाला बोल लावू नये, मला फोन करावा.