अर्धा कॉक आणि इवायाचा सदरा

मंडळी, गावाची नवी टाकी टेकडीवर आणि आमचं घर बराबर तिच्या पायथ्याशी. पाण्याचा दाब असा, की नळाचं वायसर टिकत नाही. घरची पाइपलाइन मी स्वतः शिकून केलेली. म्हणून मेन कॉक अर्धा बंद केला आणि दाब निम्मा झाल्याचं घरात जाहीर केलं.

आज सकाळी शिरड शहापूरचे आमचे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, आले. त्यांच्याकडं नळाला करंगळीएवढी धार. सवयीनं त्यांनी हात धुवायला नळ पुरा उघडला. पहिल्याच फटक्यात सदरा, टोपी, चष्मा, सगळं ओलं!

चष्मा पुसत ते मला म्हणाले, "इवाई, जेवायला बोलावलं का आंघोळीला?"

आतून बायको म्हणाली, "दाब निम्मा केला म्हने!"

मग चूक कळली. अर्धा कॉक फक्त वाहतं पाणी कमी करतो. नळ बंद असला की पाइपात दाब पुरा चढतो. त्याला दाब कमी करणारा व्हॉल्व्हच लागतो. वारंगा फाट्याहून आणला, बसवला, दाबाचं मीटर लावून तपासला.

"आता बिनधास्त उघडा," मी म्हणालो.

इवाई माझा सदरा घालून उभे. "तुमीच उघडा. सदरा तुमचा हाये, पण अंग माझं हाये."

मी उघडला. धार एकदम शहाणी! तरी इवायांनी हात रांजणातल्या पाण्यानंच धुतले.

खरं सांगा, तुमी असता तर त्या नळाला हात लावला असता का?