गोठ्यावरचा दोर

वादळ समुद्रावरून येणार, असं टीव्हीवरची मुलगी सकाळपासून सांगत होती. तिच्यामागच्या नकाशात पुणे जिल्ह्यावरही लाल रंग पसरला होता, पण पिंपरी पेंढारात कुणी तो फारसा मनावर घेतला नव्हता. वादळ म्हणजे कोकणाचा विषय. आमच्याकडे वारा सुटतो, गारा पडतात, पत्रे उडतात. त्याचं बारसं करून नाव ठेवायची पद्धत आमच्यात नाही.

मग शेजारच्या मळ्यातला माझा धाकटा दीर विळा घेऊन आपल्या पॉलिहाऊसवर चढला आणि त्याचा प्लॅस्टिकचा कागद टराटरा फाडायला लागला. कागद गेला की वारा आरपार निघून जातो आणि निदान लोखंडी सांगाडा वाचतो. पण एवढा महागाचा कागद माणूस स्वतःच्या हातानं फाडतोय, हे बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"वहिनी," तो वरूनच ओरडला, "टाकी भरून ठिवा. रिकामी ऱ्हायली तर उडंल. आन् गोठ्याचं पत्रं बांधून घ्या. माझंच लई पडलंय, मला न्हाई यायला जमायचं."

ते टाळेबंदीचं वर्ष होतं. तसंही कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. मी टाकी भरली, फोन चार्जिंगला लावला, सरपण आत घेतलं, लाईट जायच्या आत दळण आणलं. सगळी कामं उरकली आणि गोठा तेवढा राहिला. तो मी मुद्दामच शेवटी ठेवला होता.

हे थंडीत गेले. तेव्हापासून मळ्यातल्या घरात मी आणि एक गाय. मुलगा मुंबईत अडकलेला. रोज फोन करायचा आणि रोज तेच म्हणायचा, गाय विकून टाक, गाड्या सुरू झाल्या की इकडं ये. आदल्या संध्याकाळी मी वैतागून त्याला म्हणाले होते, "गोठा टिकला तर गाय राहील आन् मीबी राहीन. पत्रं गेलं तर तुझं गिऱ्हाईक घेऊन ये." बोलून गेले खरी. आता तो गोठा माझ्याकडे बघत उभा होता.

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी पत्र्यांवरून आडवा दोर टाकायचा आणि दोन्हीकडच्या खुंट्यांना आवळायचा, हे ह्यांचं काम. हे विहिरीच्या अंगाला उभे राहून दोराच्या टोकाला दगड बांधून फेकायचे. मी पलीकडच्या अंगाला. मधे गोठा, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. "धरलं का?" हे ओरडायचे. "धरलं," मी ओरडायची. मी माझ्या खुंटीला गाठ मारली की हे तिकडून ताण देऊन आवळायचे. दर वर्षी नेमकी माझी भाकरी तव्यावर असताना हाक यायची. एकट्याचं काम नाही हे, असं हे म्हणायचे, आणि मी तवा उतरवून जायची.

त्या दिवशी मी विहिरीच्या अंगाला उभी राहिले. दोर फेकला. पलीकडे दगड पडल्याचा आवाज आला आणि मी ओरडले, "धरलं का?"

सवयीनं गेलं तोंडातून. मग नुसता वारा. मी उगाच थोडी थांबलेसुद्धा.

हातातलं टोक दगडाखाली दाबून मी वळसा घालून गेले. तिकडचं टोक जरा ओढलं तर इकडचं सुटून पत्र्यावर आलं. पुन्हा आले, पुन्हा फेकला, पुन्हा वळसा. आभाळ खाली आलं होतं आणि मी गोठ्याभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत होते. दगडाला शिव्या दिल्या, गाईला दिल्या, ह्यांनाही दिल्या. शेवटी खुंटीपाशी बसकण मारली आणि तेव्हा डोक्यात आलं, की पलीकडे आधी पक्की गाठ मारायची आणि उरलेला दोर तिकडून इकडं फेकायचा. मग इकडं येऊन ओढायचा आणि आवळायचा. दुसरं माणूस लागतच नाही.

इतकं साधं होतं ते. मी भराभर तीन दोर टाकले. गाईचं दावं सोडलं, म्हणजे छप्पर आलंच खाली तर तिला पळता येईल. ती कुठेही गेली नाही, मोकळी असून आपल्या खुंट्याशीच उभी राहिली.

दुपार कलताना वादळ आलं. बांधावरचा आंबा मुळासकट आडवा झाला, लाईट गेली, फोनची रेंज गेली. मी चुलीपुढे बसून पत्र्यांचा आवाज ऐकत होते. पत्रे आदळत होते, पण सुटत नव्हते. भीती तर वाटत होतीच. पण भीती वाटतेय हे सांगायला घरात कुणी नाही, याचा मला जास्त राग येत होता.

वारा पडल्यावर बाहेर आले. दिराच्या पॉलिहाऊसचा सांगाडा वाकून बसला होता. माझ्या गोठ्याचा एकही पत्रा जागचा हलला नव्हता. गाय रवंथ करत होती.

रेंज आली तेव्हा मुलाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"आई, गोठा?"

"हाय जागेवर. गिऱ्हाईक बघू नको."

"कुणी बांधला?"

"मीच. एकटीनं."

तो हसला. "पप्पा तर म्हणायचे एकट्याचं काम न्हाई." मग म्हणाला, "पण आई, आमची धाकटी झाली तेव्हा तू सगळा पावसाळा हितं मुंबईतच व्हतीस. मग पप्पांनी कसं बांधलं असंल?"

त्या वर्षी मी दिवाळीला परतले होते. गोठा नीट आवळलेला होता. कोण होतं मदतीला, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. दीर तर तेव्हा नारायणगावात राहायचा.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. दोराचं टोक धरायला ह्यांना कुणीच लागत नव्हतं. तरी दर वर्षी हाक मारायचे.

मी फोन ठेवला. गोठ्याला वळसा घालून दर वर्षी उभी राहायचे त्या जागी गेले, दोराला हात लावला आणि म्हणाले, "धरलं."