देव्हाऱ्यातली गोळी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, गॅसचं बटण तीनदा बघते, आणि समोरून पोलीस आला की काही केलेलं नसताना फुटपाथ बदलते. लग्न होऊन ठाकूरद्वारला आले तेव्हा सासूबाईंनी आठवड्याभरात ओळखलं. "सैनिकाची बहीण ना गं तू?" असं त्या चारचौघांत विचारायच्या. माझा असा संताप व्हायचा!

सैनिक म्हणजे माझा मोठा भाऊ. कारगिलला गेला तो परत आला नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. महिन्याभराने लालबागच्या आमच्या चाळीत त्याची काळी पत्र्याची पेटी आली. आत कपडे, दाढीचं सामान, पत्रांचं अर्धं पॅड आणि आईने विणलेला हिरवा स्वेटर. स्वेटर धुवायला घेतला तर आईच्या हाताला काहीतरी टणक लागलं. आतून, छातीपाशी, त्याने कापडाचा एवढासा खिसा शिवला होता, चारी बाजूंनी बंद. आईने टाके उसवले. आत बंदुकीची एक गोळी निघाली.

दुसरं कोणी असतं तर पोलिसांत नेऊन दिली असती. आमच्या आईने ती देव्हाऱ्यात ठेवली, बाळकृष्णाच्या शेजारी. रोज हळदकुंकू, तिन्हीसांजेला दिवा, दिवाळीला चिंच लावून घासणं. गोळीपासून वीतभरावर पेटती वात! मी बोंबलायचे, "अगं आई, एक दिवस फुटेल ती, आख्खा मजला जाईल." त्यावर आई म्हणायची, "फुटाची तर तेव्हाच नसती फुटली? तू गप ऱ्हव." बाबा शिवडीला गोदीत होते. ते देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायचे. दोन वर्षांत तेही गेले. आल्यागेल्याला मात्र आई ती गोळी मोठ्या कौतुकाने दाखवायची. "एकच उरली. नायतर आणखी एकाला लोळवला असता माझ्या बाबूने."

यंदा फौजेकडून पत्र आलं. कारगिल विजय दिवसाला दिल्लीच्या युद्धस्मारकात संध्याकाळी आईने पुष्पचक्र वाहायचं, पाच वाजेपर्यंत हजर राहायचं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. "आता नाय तर कधी? वर गेल्यावर?" असं म्हणून तिने बॅग भरायलाच घेतली. माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणजे न्यायला मीच. त्या दिवशी राजधानीत काय काय होऊ शकतं याची यादी मी आठवडाभर मनात करत होते. बॉम्ब, चेंगराचेंगरी, उष्माघात, आईचा गुडघा. विमानाची भीती वाटते म्हणून गाडीचं रिझर्वेशन केलं. झक मारली आणि केलं. विमानाने निघालो असतो तर जे व्हायचं ते मुंबईतच, आपल्या माणसांत झालं असतं.

दिल्लीत पोहोचलो तर कोपऱ्याकोपऱ्यावर बंदूकवाले. रस्ते अडवलेले. पोरं झेंडे घेऊन फिरत होती, देशभक्तीची गाणी लागली होती, आणि माझं सगळं लक्ष त्या बंदुकांच्या नळ्या कुठे रोखल्यात तिकडे. गेस्ट हाऊसच्या मॅनेजरने सांगितलं, टॅक्सी अर्ध्यात सोडेल, मेट्रोने जा. आम्ही साडेतीनला निघालो.

स्टेशनात तपासणीचं मशीन होतं. माझी पर्स गेली, बाहेर आली. आईची कापडी बॅग गेली आणि पट्टाच थांबला. मशीनपाशी बसलेली पोलीस बाई पडद्याला नाक लावून बघायला लागली. मग तिने पट्टा मागे घेतला, परत पुढे घेतला.

"ये बैग किसका है?"

मला वाटलं, नारळ असेल. नाहीतर आईचा तो सुपारी कातरायचा अडकित्ता. बाईने आईची बॅग उचलून टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू काढायला लागली. बीपीच्या गोळ्या. बामची बाटली. चष्म्याचं घर. खणात गुंडाळलेली स्टीलची डबी. तिने डबी उघडली. आत कुंकू लावलेली ती गोळी.

मागची रांग आपोआप मागे सरकली. एक बाई पोराला उचलून चक्क पळाली. कोणीतरी "हटो, हटो" म्हणालं, आणि दोन बंदूकवाले आमच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. एकाची बंदूक माझ्या कोपराला लागत होती. मी श्वास घेणंसुद्धा बंद केलं होतं.

"आई," मी कसंबसं म्हटलं, "हे काय आणलंस तू?"

"शेजारची काकी नाय जेजुरीक देव भेटवून आणत?" आई म्हणाली. "तसा. त्याच्या नावाक टेकवतंय आणि परत नेतंय."

कप्पाळ माझं! जेजुरीला टाक नेतात, आई, टाक. दिल्लीच्या मेट्रोत काडतूस नेत नाहीत. पण हे मी मनातच म्हटलं.

आम्हाला एका खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. चार वाजून पाच मिनिटं. तिथला साहेब पन्नाशीपुढचा, मिशा पिकलेल्या. त्याने गोळी रुमालात धरून उजेडाकडे नेली, उलटी करून तिचं बूड बघितलं.

"चली नहीं है," तो म्हणाला. "जिंदा है."

म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षं ती जिवंत होती. दिव्याशेजारी. माझ्या पोरी सुट्टीत आजीकडे जाऊन त्या देव्हाऱ्याखाली झोपायच्या. मी न विचारताच खुर्चीत बसले.

साहेबाने लायसन विचारलं. मग शांतपणे सांगितलं की लायसन नसताना जिवंत काडतूस जवळ सापडलं तर गुन्हा नोंदवावा लागतो, अटक होते, आणि आजच्या दिवशी तर वरून कोणी सोडणार नाही. "बैग किसका है, पहले वो बताइए."

मला आई दिसत होती. कुठल्यातरी परक्या कोठडीत, फरशीवर, ते गुडघे घेऊन. खाली बसली तर तिला उठवणार कोण? रात्रीची बीपीची गोळी देणार कोण? मला खरंच रडू फुटायला आलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साब, बैग मेरा है."

हे मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. बोलताना मी मान खाली घातली होती आणि माझे दात वाजत होते.

"खोटा कित्याक बोलतंस गो?" आई कडाडली. मग साहेबाकडे वळली. "बैग मेरा, गोली भी मेरा. इसका कुछ नहीं. ये तो दिवाली में फुलबाजा भी नहीं पकडती. पकडना है तो मेरे को पकडो."

"आई, गप बस ना गं!"

"तू गप."

साहेब आम्हा दोघींकडे बघत राहिला. मग म्हणाला, कोणीतरी एकीने नीट सांगा. मी पर्समधून पत्र काढलं. ते आधी हातातून सुटून जमिनीवर पडलं. त्याने ते उचलून वाचलं, पूर्ण वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. तोही आधी फौजेत होता, अठरा वर्षं, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, "ये मिली कहाँ?"

मी सांगितलं. स्वेटरमध्ये, आतून शिवलेल्या खिशात.

"सिली हुई थी?"

"चारों तरफ से," मी म्हटलं.

तो रुमालावरच्या गोळीकडे बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता काहीतरी आणखी भयंकर निघणार. घड्याळात साडेचार झाले होते.

आईने विचारलं, "साब, एकच बाकी थी. दुश्मन के लिए रखी थी ना उसने?"

साहेबाने कागद पुढे ओढला. "जी, माताजी," तो कागदाकडे बघत म्हणाला. "दुश्मन के लिए."

त्यानंतर त्याने वरच्या कोणाला तरी फोन लावला आणि बोलायला बाहेर गेला. आम्ही बसून राहिलो. दारात बंदूकवाला. पावणेपाच. पाच. मी मनात वकील शोधत होते, नवऱ्याला काय सांगायचं ते ठरवत होते, चाळीत बातमी पोहोचल्यावर कोण काय बोलेल तेही ऐकत होते. बाहेर बुटांचा आवाज आला की मी अर्धी उठायचे. आईने बाटलीतलं पाणी प्यायलं, मला दिलं. मी बाटली तशीच मांडीवर धरली. "आई, तुला काही वाटतंय की नाही?" मी विचारलं. ती मघापासून एक अक्षर बोलली नव्हती, आणि आमची आई गप्प बसली की मला जास्त धडकी भरते.

सव्वापाच. साडेपाच. साहेब आत आला तेव्हा त्याचा चेहरा वाचायची माझी हिंमत झाली नाही. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. त्याने एक कागद टेबलावर ठेवला आणि वाचून दाखवला. मुलाच्या सामानात आलेली गोळी, ती जिवंत आहे हे घरच्यांना माहीत नव्हतं, आई स्वखुशीने जमा करत आहे. पत्ता, फोन, खाली दोघींच्या सह्या. काही लागलं तर बोलावू. आता जा.

"जायचं?" मी मराठीतच विचारलं.

माझी सही अशी आली की कुठल्याही बँकेने परत पाठवली असती. आईने सही केली, ठसठशीत. मग तिने गोळी उचलली. मला वाटलं, आता ही देणार नाही, आता सगळं मुसळ केरात जाणार. मी तिचा दंड धरला. तिने पदराने कुंकू पुसून काढलं, सावकाश, सगळं, आणि गोळी टेबलावर ठेवली. "ले लो, साब. हमको नहीं मंगता अभी," म्हणाली आणि उठली.

मशीनवालीच आम्हाला फलाटापर्यंत सोडायला आली. तरी मी दर दहा पावलांनी मागे बघत होते, कोणी परत बोलवायला तर येत नाही ना.

पुष्पचक्र वाहून झालं होतं. दुसऱ्या कुणा घरच्यांच्या हातून. आम्ही स्मारकाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा बिगुल वाजून संपला होता आणि माणसं बाहेर निघाली होती. मला आईकडे बघवेना. बावीस तासांचा प्रवास, दोन गुडघे, आणि हाती काय? एका जवानाने तिकीट नाही, पास नाही, काही न मागता भावाचा फौजेतला नंबर तेवढा विचारला आणि आम्हाला भिंतीपाशी नेलं. गोल गोल भिंती, नुसत्या नावांच्या. एकेका दगडी विटेवर एकेक नाव. त्याची वीट आईच्या खांद्याच्या उंचीला होती.

आईने तिच्यावर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो साहेब भला माणूस. पण तुझ्यासारखोच. खोटा बोलताना मान खाली घालता."

"काय खोटं बोलला?"

"दुश्मनासाठी ठेवलेली गोळी बंदुकीत नसती ठेवली? खिसो शिवून, टाके घालून कोण ठेवता?" तिने नावावरून बोट फिरवलं. "ती त्याच्या स्वतःसाठी होती गो. जिवंत हातात गावलो तर हाल करतील, म्हणून. भियालो होतो माझो झील."

दिवसभर मला जे जे वाटत होतं, ते त्या डोंगरावर त्याला वाटलं होतं. थंडीत बसून त्याने सुईत दोरा ओवला होता. आमच्या घरात भित्री मी एकटी, हे मी आयुष्यभर धरून चालले होते. मला त्याची इतकी दया आली, आणि इतकी भीती वाटली त्याच्यासाठी, जणू तो अजून तिथेच बसला होता.

आई विटेशी बोलायला लागली, हळू आवाजात. "एवढा भियालंस, आणि माका सांगूक नाय रे बाबू? फोनवर सगळा बरा आसा, बरा आसा." तिचा आवाज फाटला. मी तिला एवढ्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, त्याची पेटी आली तेव्हासुद्धा नाही. मग तिने माझा हात ओढून त्या दगडावर ठेवला. दगड दिवसभराच्या उन्हाने गरम होता.

"तू सांग त्याका," ती म्हणाली. "भीती वाटली तर काय करूचा, तां तुका म्हायत आसा. माका कधी वाटूकच नाय, मी काय सांगतलंय?"

मागे जवान उभा होता, दोन-चार माणसं बघत होती. मला लाज वाटली नाही. मी विटेजवळ तोंड नेलं आणि सांगितलं. घाबरलास ना, की घरी निघून यायचं रे. कोण काय म्हणेल ते बघू नकोस. सरळ घरी यायचं.