सलूनवाल्याच्या खुंटीवरची किल्ली

चादर अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात वहिनींच्या कमरेत अशी कळ आली की चादर एकीकडे आणि त्या एकीकडे. नणंदेने धावत येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अंग तव्यासारखं तापलंय. पाणी कधी प्यायलात शेवटचं?"

"सकाळी गोळी गिळताना घोटभर, वन्सं."

"ते गोळीचं झालं. तुमचं?"

वहिनींचं शिवणाचं दुकान. दुकानांच्या त्या ओळीत सगळ्यांचा मिळून एकच संडास, तोही मागे, कुलपात. किल्ली सलूनवाल्याच्या खुंटीला. ती मागायची म्हणजे साबण फासलेल्या चार तोंडांना आपला कार्यक्रम जाहीर करायचा. त्यापेक्षा दिवसभर घसा कोरडा ठेवलेला बरा, असा वहिनींचा खाक्या. एरवी गिऱ्हाइकांच्या कमरेची मापं रस्त्यापर्यंत ऐकू जातील अशी सांगायच्या, तिथे लाज कधी आडवी आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. "जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत. पुन्हा असं दाबून बसलात तर भरतीच करावं लागेल. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. पाणी प्या, आणि लागली की जा."

"चारचौघांत कसं जाणार, बाई?"

"देवाने लघवी त्या चौघांनाही दिलीय."

वाटेत नणंद म्हणाली, "यातच गेलात तर वर देवाला काय सांगाल? किल्ली मागायची राहिली?"

वहिनींना हसू आलं, पण भरतीचा शब्द काही डोक्यातून जाईना. गोळ्या संपल्या, ताप गेला, आणि त्या तडक सलूनमध्ये शिरल्या. कात्र्या थांबल्या.

"किल्ली द्या."

"कशाला, वहिनी?"

"संडासाला जायचंय. मी काय दाढी करायला आले वाटलं?"

साबणाखालून कोणीतरी खुसखुसलं. सलूनवाल्याने मान खाली घालून किल्ली काढून दिली.

परत आल्यावर वहिनी तांब्याभर पाणी गटागटा प्यायल्या. शेजारच्या दुकानातली भांडीवाली हे सगळं बघत होती. जवळ सरकून हळूच म्हणाली, "मागितलीत कशी हो?"

"तोंडाने."

"माझ्याच्याने नाही व्हायचं. जळजळ मलाही होते, पण तिथे जायचं म्हटलं की पाय उचलत नाही."

"मग आधी त्या डॉक्टरीणबाईंकडे जा. जळजळ अंगावर काढू नकोस. आणि पाणी पीत जा, किल्लीचं मी बघते."

एवढं बोलून वहिनींनी शटर अर्धं खाली ओढलं आणि किल्ली मुठीत घेऊन कुलूपवाल्याकडे निघाल्या, तशीच दुसरी करून आणायला.