सुलेखाताईच्या मागच्या सीटवर

संघपाल खरातला गाडी चालवता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर अख्ख्या हर्सूलनं त्याला वेड्यात काढलं असतं. अठरा वर्षं हा गडी पर्यटकांना गाडीत घालून लेणी पाहायला फर्दापूरला नेत-आणत होता. खड्डे, ट्रॅक्टर, आडवी जाणारी गुरं, सगळ्यांतून वाट काढली, पण गाडीला कधी ओरखडा नाही.

इंग्लंडातल्या परीक्षकांनी मात्र नेमकं तेच म्हटलं. तेही एकदा नाही, दोनदा.

त्याची बायको मेघा नर्स. दोन वर्षांपूर्वी तिला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मागोमाग संघपाल आणि मुलगी श्रेयाही गेले. आपलं लायसन तिथं वर्षभर चालतं, मग त्यांची परीक्षा द्यावी लागते. संघपालनं ती हसण्यावारी नेली. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा परीक्षकच खडूस होता असं त्यानं ठरवून टाकलं. दुसऱ्यांदा परीक्षक बाई होती. ती गोड बोलली आणि गोड बोलूनच तिनं नापास केलं. दोन्ही वेळी तक्रार एकच: गाडी काढताना, लेन बदलताना आरशात पाहत नाही, मान वळवत नाही.

तिसरी तारीख मार्चमधली होती. तिथल्या एका वृद्धाश्रमानं म्हाताऱ्यांना दवाखान्यात ने-आण करायची नोकरी त्याच्यासाठी तेवढे दिवस राखून ठेवली होती. त्यानं मेघाला सांगून टाकलं, "या खेपेला नाय झालं तर मी हर्सूलला परत जाणार. तू आन् श्रेया ऱ्हावा इथं. बसून खायला मला जमायचं नाय." मेघा उठली. स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि ते त्यालाही कळलं.

त्याआधी चुलतभावाच्या लग्नासाठी तो पंधरा दिवस हर्सूलला घरी आला. नापास झाल्याचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. अठरा वर्षांची इज्जत होती, ती काय अशी चव्हाट्यावर मांडायची?

सुलेखाताई त्याची थोरली बहीण. सात वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि तिचं ऐकू येणं कायमचं बंद झालं. बोलणं राहिलं, पण आवाज सपाट आणि जरा मोठा. समोरच्याचे ओठ मात्र ती असे वाचते, की तिच्यासमोर कुजबुजायची सोय नाही. घरी शाळांचे गणवेश शिवते आणि आठवड्यातून दोनदा गठ्ठे स्कूटीवर बांधून शहरात, औरंगपुऱ्यातल्या दुकानात पोचवते.

या स्कूटीवरून एकदा घरात रामायण झालं होतं. ऐकू न येणाऱ्यांना लायसन मिळायला लागलं, तेव्हा ताईनं अर्ज करायचं ठरवलं. सगळ्यांत मोठ्यानं नाही म्हणणारा हाच शहाणा. "मागून ट्रक आला तर तुला कळंल का?" असं तोंडावर म्हणाला होता. ताईनं ओठ वाचले, गुमान अर्ज केला आणि लायसन काढून आणलं. त्यानंतर बारा वर्षांत संघपाल तिच्या गाडीवर कधी बसला नव्हता.

लग्न उरकलं. श्रेयासाठी ड्रेस घ्यायला औरंगपुऱ्यात जायचं होतं आणि त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती. नाइलाजानं तो ताईच्या मागे बसला, मांडीवर गणवेशांचा गठ्ठा आणि जीव मुठीत.

आपल्या शहरात हॉर्न वाजवायला कारण लागत नाही. उजवीकडून टेम्पो, मागून बुलेट, डावीकडून रिक्षा, प्रत्येकजण आपण आल्याचं ओरडून सांगत होता, आणि संघपालला न पाहताच कळत होतं कोण कुठं आहे. ताईला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तरीही ती बरोबर तेवढीच सरकत होती, तेवढीच थांबत होती. कशी? तो तिच्या मानेकडे बघायला लागला. आरसा, समोर, दुसरा आरसा, समोर. वळायच्या आधी खांद्यावरून मागं. मान क्षणभर स्वस्थ नव्हती.

इतक्यात ताईनं करकचून ब्रेक दाबला. डावीकडून एक बॅटरीवरची रिक्षा हॉर्न न वाजवता, अगदी बिनआवाजी समोरून निघून गेली. संघपालला तिचा पत्ताच नव्हता.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. अठरा वर्षं तो गाडी कानानं चालवत होता. इथं जो तो हॉर्न वाजवून सांगायचा म्हणून निभावलं. तिकडं कुणी हॉर्न वाजवत नाही, आणि हा समजायचा की रस्ता मोकळा आहे.

दुकानासमोर उतरल्यावर ताईनं त्याचा चेहरा पाहून विचारलं, "काय रं, भ्यालास का?"

"ताई, मी तिकडं दोनदा नापास झालो. मान वळवत नाय म्हणून."

ताई एवढ्यानं हसली की दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला. "तुला कान हायेत ना, म्हणून!"

मग काय, शिकवणी सुरू झाली. जुन्या दोस्ताची गाडी मागून आणली. रोज सकाळी हर्सूलच्या तलावाच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर संघपाल कानात कापूस कोंबून गाडी चालवायचा. शेजारी ताई, हातात लाकडी फूटपट्टी. तिचं लक्ष रस्त्याकडे कमी आणि याच्या डोळ्यांकडे जास्त. मान थांबली की पट्टी गुडघ्यावर. पहिल्या दिवशी अठरा वर्षांच्या ड्रायव्हरनं चाळीसेक फटके खाल्ले. पाचव्या दिवशी दोनच.

त्या दिवशी त्यानं गाडी कडेला घेतली, कानातला कापूस काढला आणि तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "तुझ्या लायसनला मी आडवा आलो व्हतो. चुकलो."

"व्हय," ताई म्हणाली. "लई राग आलता तुझा." मग पट्टी उचलून म्हणाली, "चल, काढ गाडी. आधी मागं बघ."

मार्चमधल्या त्या सकाळी परीक्षक शेजारी बसला. पाऊण तास संघपालनं आरसे पाहिले, मान वळवली, थांबला, निघाला. गाडी परत आणून उभी केल्यावर परीक्षकानं हातातल्या स्क्रीनवरून बोट फिरवलं आणि पास झाल्याचं सांगितलं. वर म्हणाला, "फार छान लक्ष आहे तुमचं. कुणाकडे शिकलात?"

"मोठ्या बहिणीकडे."

"त्या गाडी शिकवतात का?"

"नाही," संघपाल म्हणाला. "शाळेचे गणवेश शिवते. तिला ऐकू येत नाही."

परीक्षकानं स्क्रीन बाजूला ठेवली. मग त्यानं हात पुढे केला.

तो उतरून गेल्यावर संघपालनं मेघाच्याही आधी ताईला व्हिडिओ कॉल लावला. हर्सूलला दुपार होती. मशीनवर ठेवलेल्या फोनचा दिवा लुकलुकला आणि ताई स्क्रीनवर आली. तिला पाहिलं आणि संघपालचा बांध फुटला. तो बोलत होता, पण ओठ थरथरत होते, तोंड वाकडं होत होतं आणि वर तोंडावर हातही आडवा.

ताईनं शिवण बाजूला ठेवली. "रडू नगं, बाळा. नापास झालास तर झालास. घरी ये."

त्यानं जोरजोरात मान हलवली.

"आरं हात काढ! काय म्हणतोस, मला दिसंना!"

संघपालनं बाहीनं तोंड पुसलं, खोल श्वास घेतला, फोन जवळ धरला आणि एकेक शब्द ओठांवर नीट मांडत म्हणाला, "पास झालो, ताई. तुझ्यामुळं."