शेखांचा सूर

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. सॅक्सोफोन शिकताना मी एका माणसाचा सूर बिघडवला – मुद्दाम.

पन्नाशीत सॅक्सोफोन हाती घेणाऱ्या माणसाबद्दल तुमचं काय मत आहे? माझं वाईट आहे. पोट सुटलेलं, गळ्यात पट्टा, गाल बेडकासारखे फुगलेले – तो मी. माझ्याबरोबर क्लासला ऑफिसातले शेख यायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. रिसेप्शनला तिच्या आवडीचं गाणं वाजवीन, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. वाद्य शिकायला याहून भाबडं कारण असतं का? मी मनात हसायचो.

आणि त्यांचा सूर माझ्याआधी लागला. गोल, भरीव. माझा? गंजलेल्या बिजागरीसारखा.

सर सांगायचे – वरचे दात माऊथपीसवर टेकवा, खालचा ओठ दातांवर किंचित घ्या, तोंडाच्या कडा आवळा, पण चावू नका. शेख तसंच करायचे. मी मात्र व्हिडिओ बघून बघून विद्वान झालो होतो, आणि शेखांना ती विद्वत्ता खरी वाटायची. सोसायटीत तक्रारी होत, म्हणून आम्ही कात्रजच्या पुढे माझी गाडी उभी करून, काचा चढवून सराव करायचो. एकदा गाडीच्या आरशात ओठ न्याहाळत त्यांनी विचारलं, "अहो जोशी, वरचे सूर हलतात माझे. काय चुकतंय?"

काहीच चुकत नव्हतं. नवख्याचे हलतातच.

"जबड्यात जोर नाही तुमच्या. चावा चांगलं."

"सर तर नको म्हणतात."

"सर विद्यार्थी टिकवायला गोड बोलतात हो. ओठ सोलल्याशिवाय सूर पक्का होत नाही."

"म्हणजे मुलीच्या मेंदीआधी माझा ओठ रंगणार!" ते हसले. आणि चावू लागले.

ओठ आतून फाटला. सूर आवळला, मग नुसता किंचाळू लागला. सर म्हणाले, सवय मोडायला हवी, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पण लग्न तोंडावर आलं होतं. शेखांनी भाड्यानं आणलेलं वाद्य परत केलं.

रिसेप्शनला ते गाणं स्पीकरवर लागलं. मुलीनं विचारलं, "अब्बा, तुम्ही वाजवणार होतात ना?" ते म्हणाले, "नाही जमलं गं." मी शेजारीच उभा होतो. बिर्याणी खात. तोंड उघडलं ते फक्त घासासाठी. याला भित्रेपणा तरी कसं म्हणू? भित्र्याला निदान भूक लागत नाही.

गेल्या महिन्यात वाघोलीला त्यांच्या घरी गेलो. मुलगी माहेरी आली होती. तिला मुद्दाम थांबवलं.

"शेखसाहेब," मी म्हणालो, "सर बरोबर सांगत होते. तुमचं काहीच चुकत नव्हतं. तुमचा सूर माझ्याहून चांगला होता, ते मला बघवलं नाही, म्हणून मी तुम्हाला चावायला सांगितलं. तुमची दोघांची माफी मागतो."