बरा हाय तवर बघून ठेवा

राजिवड्याची शरीफा सुकी मासळी विकायची. नवरा वजीर कुवेतला, त्यामुळे घरचं-दारचं सगळं तिच्याच अंगावर. मुलगा कैफ पंचविशीला टेकला आणि त्याला जवळ कुणी नसताना बोलणी ऐकू यायला लागली. औषधं चालू होती, पण मध्येच तो ती थुंकून टाकायचा. अशाच एका वेळी तो भर बाजारात ओरडत सुटला. पोलिसांनी दारुडा समजून त्याला काठीने झोडपलं, हात बांधून गाडीत कोंबलं.

सुटून घरी आलेला कैफ जरा ताळ्यावर आल्यावर शरीफा त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेली.

"तक्रार द्यायची आहे काय?" हवालदार आत्माराम यांनी विचारलं.

"तक्रार नाय, साहेब. हा माझा पोरगा. बरा हाय तवर बघून ठेवा. अंगाला हात लावला की बिथरतो, हळू बोललं तर ऐकतो. पुन्हा कुठं गावला तर मारू नका, मला बोलवा."

एक शिपाई फिस्सकन हसला. आत्माराम यांनी चहा मागवला. कैफने कपाला हातही लावला नाही. दाराकडे बघत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात कैफ कोयती घेऊन जेटीवर उभा राहिला. जीप आली. शिपायाने काठी उचलली, तशी आत्माराम यांनी त्याला मागे सारलं, माणसं पांगवली, शरीफाला निरोप धाडला आणि बऱ्याच अंतरावर एका पालथ्या टोपलीवर बसले.

"कैफ, मी आत्माराम. आई येतेय तुझी."

"मारायला आलाव तुम्ही!"

"मागे मारलं ते चुकलं. आज कुणी हात लावणार नाही."

कैफ शिव्या देत होता. आत्माराम मध्येच एखादा शब्द बोलत, पण टोपलीवरून उठले नाहीत. ऊन चढलं. शरीफा धापा टाकत आली आणि हवालदारांच्या शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने कैफचा हात भरून आला असावा. त्याने कोयती खाली टाकली. आईला चिकटून तो रिक्षात बसला आणि मनोरुग्णालयात गेला. जीप मागून, अंतर राखून आली.

काही आठवड्यांनी तो घरी आला. आत्माराम रस्त्यात दिसले की हात करतात. कैफ मान वळवून चालू लागतो. शरीफा मात्र थांबून दोन शब्द बोलते.